आवड, पॅकेज आणि ऑप्शन फॉर्म

अभियांत्रिकी प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मवर विद्यार्थ्याला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. प्रत्येक पर्याय म्हणजे एक कॉलेज, एक शाखा आणि त्या जोडीचा एक कोड. जुलैच्या सुमाराला घरोघरी हा फॉर्म भरला जातो तेव्हा त्यात काय दिसतं? वरच्या पंधरा ओळींत पंधरा कॉलेजं आणि सगळीकडे कॉम्प्युटर. त्याखाली आयटी. मग एआय आणि डेटा सायन्स. पर्सेंटाइलची धास्ती वाढत जाईल तसं ई अँड टीसी, आणि अगदी तळाला, असू द्यावं म्हणून, मेकॅनिकल नि सिव्हिल. कागदावर शंभर पर्याय असतात. खरं तर एकच पर्याय शंभरदा लिहिलेला असतो.

या फॉर्मभोवती दोन प्रकारची माणसं बोलत असतात. हिंजवडीत नोकरी करणारा आतेभाऊ सांगतो, ‘‘कॉलेज कुठलंही घे, शाखा कॉम्प्युटरच घे.’’ बारावीच्या निरोप समारंभाला आलेले पाहुणे सांगतात, ‘‘मनाचं ऐका, पैसा आपोआप मागून येतो.’’ दोघंही मनापासून बोलतात. पहिल्याला चार वर्षांनंतरचा बाजार कळल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला सतरा वर्षांच्या मुलाचं मन. मला दोघांच्याही खात्रीची शंका येते. शिवाय या भांडणात एक प्रश्न कुणी काढतच नाही: अंदाज चुकला तर त्याची किंमत किती, आणि ती भरणार कोण? माझ्या मते शाखा निवडण्याचा खरा प्रश्न हाच आहे. आवड आणि उत्पन्न त्याच्या नंतर येतात.

आधी बाजाराकडे बघू. नोकरी बघून शिक्षण घेण्याचा प्रयोग महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा मोजक्याच संस्था होत्या, आणि पैसेवाल्यांची मुलं देणगी भरून कर्नाटकात जात. त्यानंतर तालुक्यातालुक्यात कॉलेजं उभी राहिली. शिक्षणसम्राटांवर टीका झाली, ती योग्यही होती. पण शेतकऱ्याच्या मुलाला इंजिनिअर होण्याची वाट त्याच धोरणातून सापडली, हेही नाकारता येत नाही. तेव्हा ‘मार्केट बघून शिका’ हा सल्ला मुळातच खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. तो किती लवकर शिळा होतो, एवढंच दाखवायचं आहे.

त्यासाठी डीएडची, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची, गोष्ट पुरेशी आहे. बारावीनंतर दोन वर्षं, खर्च बेताचा आणि शेवटी जिल्हा परिषदेची नोकरी. ग्रामीण महाराष्ट्रात विशेषतः मुलींसाठी याहून शहाणा हिशेब दुसरा नव्हता. बारावीला उत्तम गुण मिळवणारी मुलंमुली डीएडच्या मेरिट लिस्टसाठी धडपडत. लग्नाच्या बाजारातही डीएड झालेल्या मुलीला वेगळं वजन होतं. सन २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे पहिली तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची आणि मग कायम व्हायचं. तरी ओघ आटला नाही, कारण कायम नोकरी नजरेच्या टप्प्यात होती. संस्थाचालकांनी हा ओघ ओळखला आणि डीएड कॉलेजांचं पीक आलं. मग अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न पुढे आला, २०१२ मध्ये सरकारने शिक्षक भरतीवर बंदी घातली, २०१३ पासून टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, पायरी वाढली. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसत, त्याच्या जागा काही वर्षांत रिकाम्या राहू लागल्या आणि कॉलेजांना कुलपं लागली. पदविका हातात असलेली पिढी मात्र तिथेच राहिली. कुणी दुकानात हिशेब लिहायला लागलं, कुणी इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत पाच-सात हजारांवर शिकवायला लागलं, कुणी वयोमर्यादा संपेपर्यंत भरतीची वाट पाहिली.

या घरांनी चूक केली होती का? मला तसं वाटत नाही. शेजारच्या गल्लीतली मुलगी मास्तरीण झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्याकडची माहिती खरी होती, पण मागच्या काळाची होती. लासलगावच्या बाजारात पुन्हा पुन्हा हेच होतं: कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात आणि पीक एकदम बाजारात येऊन भाव कोसळतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच चक्र इंजिनिअरांच्या बाबतीत मांडलं. पगार वाढले की प्रवेश वाढतात, चार वर्षांनी पदवीधरांची लाट येते, पगार खाली येतात, प्रवेश घटतात, आणि पुन्हा तुटवडा. शेतकऱ्याला निदान पुढच्या हंगामात पीक बदलता येतं. पदवी बदलता येत नाही.

आता आजच्या कॉम्प्युटरकडे या नजरेने पाहा. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉलेजांनी काय केलं असेल, ते सांगायला ज्योतिषी नको. खपणारी शाखा वाढवली आणि न खपणारी आवरती घेतली. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला मिळणारा वर्षाचा साडेतीन लाखांच्या आसपासचा पगार गेल्या दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. या काळात कॉलेजची फी, पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचा डबा मात्र कुठल्या कुठे गेले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के. आकडा टक्केवारीत लहान दिसतो, पण ज्या कंपनीतली नोकरी म्हणजे जवळपास सरकारी नोकरी असं आपल्याकडे मानलं जायचं, तिच्याबद्दलचा तो समज त्या दिवशी संपला.

गंमत अशी की याच वर्षांत महाराष्ट्रात बांधकामाचा प्रचंड पसारा उभा राहत होता. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, अटल सेतू, मुंबईतला किनारी रस्ता, तीन-तीन शहरांतल्या मेट्रो, नवी मुंबईचा विमानतळ. आणि तेव्हाच सिव्हिलच्या तुकड्या ओस पडत होत्या. म्हणून लगेच ‘सिव्हिल घ्या’ असं सांगायला मी धजावणार नाही. साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअरचा पगार, कंत्राटदाराची मर्जी, बारा तासांची पाळी हे सगळं मुलांना ठाऊक आहे. ती उगाच पाठ फिरवत नाहीत. पण काम कुठे निघेल, याचा अंदाज भल्याभल्यांना आलेला नाही, तर आतेभावाला कुठून येणार?

त्यातही ‘उत्पन्न’ म्हणताना आपण पहिला पगार मोजतो. कॉलेजच्या फ्लेक्सवर तोच असतो, तोही सर्वाधिक पॅकेज मिळालेल्या एका मुलाचा, फोटोसह. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या पदवीधरांची कमाई तपासली. संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकलेल्यांची सुरुवातीची आघाडी मोठी असते, पण पहिल्या दहा वर्षांत ती निम्म्याहून जास्त घटते, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे: या क्षेत्रांतली कौशल्यं झपाट्याने जुनी होतात आणि दर वर्षी नवी कौशल्यं घेऊन ताज्या दमाची मुलं येतात. आपल्याकडे चाळिशीला आलेल्या आयटीवाल्यांशी मोकळेपणाने बोललं, तर हा शोध लागायला अमेरिकेत जावं लागत नाही.

तरीही उत्पन्नाचा विचार करणाऱ्याला लोभी ठरवण्याची जी फॅशन आहे, तिचा मला राग येतो. शाखेमुळे कमाईत फरक पडतो, हे सिद्ध झालेलं आहे. नॉर्वेत आपल्या कॅप राऊंडसारखीच केंद्रीय प्रवेशपद्धत आहे. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करून तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की, संस्था कोणती याहून शाखा कोणती याने पुढच्या कमाईत मोठा फरक पडतो. म्हणजे सीओईपीचं मेटलर्जी घ्यावं की साध्या कॉलेजचं कॉम्प्युटर, यावर रात्र रात्र जागणारे आईबाप अडाणी नाहीत. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्याकडे कुणी सांगत नाही: लोक साधारणपणे तीच शाखा पसंत करतात जिच्यात ते स्वतः तुलनेने सरस ठरतात. सरासरी पगार हा शाखेचा असतो. तुमचा पगार तुम्हाला ते काम किती जमतं, यावर ठरतो. कॉम्प्युटरची सरासरी मेकॅनिकलपेक्षा जास्त असली, तरी कोड बघून डोकं दुखणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती सरासरी येईलच, असं काही नाही.

मग आवड? तिच्याबद्दल तर आपण आणखी भाबडे आहोत. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेतली. हेतू चांगला होता. पण पंधरा वर्षांच्या मुलाने आयुष्यात किती विषय पाहिलेले असतात? भूशास्त्र, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, विमागणित यांपैकी एकाशीही त्याची ओळख झालेली नसते. अर्थशास्त्र भूगोलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत भेटलेलं असतं. ‘मला गणित आवडतं’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गणितात मला मार्क पडतात’ किंवा ‘गणिताच्या बाई चांगल्या होत्या’ एवढाच असतो. यात वाईट काही नाही, पण त्याला कल म्हणून त्यावर आयुष्य बेतायचं, म्हणजे न पाहिलेल्या गावाला घर बांधायचं.

आवड आत कुठेतरी तयार असते आणि ती फक्त शोधायची असते, ही कल्पनाच तपासायला हवी. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तेच केलं. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक रंजक चित्रफीत दाखवली. सगळ्यांना विषय आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. आवड जन्मजात आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. आवड वाढवता येते असं मानणारे तुलनेने टिकले. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण कुठल्याही विषयाचं दुसरं वर्ष म्हणजे तो अवघड लेखच असतो. ‘पॅशन’ शोधत निघालेला मुलगा पहिल्या कंटाळ्याला समजतो की, ही आपली आवड नव्हे, आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

म्हणून आवडीची परीक्षा विषयाच्या मजेदार भागावर घेऊन उपयोग नाही. मजेदार भाग सगळ्यांनाच आवडतो. पुरातत्त्व म्हणजे हडप्पा नव्हे. ते उन्हात बसून खापरांचे तुकडे धुणं, त्यांवर क्रमांक टाकणं आणि हजारो नोंदी करणं आहे. वकिली म्हणजे न्यायालयातलं जोरदार भाषण नव्हे. मसुदे, तारखा, मुदती आणि पक्षकाराकडून फी वसूल करणं आहे. सिनेमा आवडणाऱ्याने एकदा संकलकाच्या शेजारी दिवसभर बसून यावं. कॉम्प्युटरमध्येही बहुतेकांच्या वाट्याला येतं ते दुसऱ्या कुणीतरी सहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमधली चूक शोधणं, रात्री अकराला, परदेशातला ग्राहक जागा असताना. कोणत्या विषयातलं हमालीचं काम आपल्याला कमी टोचतं, हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलालाही सोडवता येतो. त्यासाठी कल चाचणी लागत नाही. सुट्टीतले दोन आठवडे आणि त्या क्षेत्रात काम करणारं एखादं ओळखीचं माणूस पुरतं.

अर्थात, असं ओळखीचं माणूस असणं ही चैन आहे, आणि आवडीच्या चर्चेतली सगळ्यात झाकलेली गोष्ट इथे आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं उदाहरण शाळाशाळांत दिलं जातं. त्यांच्या प्रतिभेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. पण वडील विष्णू नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी, आणि घरातल्या फळ्यावर मामा आव्हान म्हणून गणितं लिहून ठेवायचे. या मुलाला गणिताची आवड ‘सापडली’ असं म्हणणं बरोबर आहे का? ती घरात रांगत होती. शेती बघत कॉलेजला जाणाऱ्या, घरातल्या पहिल्या पदवीधर होणाऱ्या मुलीला ‘तुझी आवड काय’ असं विचारायचं आणि तिला उत्तर सुचलं नाही की समुपदेशकाने ‘मुलांना ध्येयच नसतं’ म्हणायचं, यात मोठा अन्याय आहे. शिवाय प्राध्यापकाच्या मुलाची आवड फसली तर घर त्याला दोन वर्षं सांभाळतं. दोन एकरवाल्याच्या मुलीची आवड फसली तर तिचं लग्न ठरतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘आधी पोटापाण्याची पदवी घ्या, मग हवं ते करा. लागू बघा, जब्बार बघा.’’ महाराष्ट्रात हा दाखला फार चालतो आणि तो खरोखरच लखलखीत आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. आफ्रिकेत टांझानियात नोकरी करून आले आणि १९६९ च्या सुमाराला, बेचाळिशीत, पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’. डॉ. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते आणि १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ बसवत होते; त्यातले नाना फडणवीस म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे. डॉ. अनिल अवचट डॉक्टरकी बाजूला ठेवून लेखक झाले. चौघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. मराठी रंगभूमीचा एक सुवर्णकाळ बऱ्याच अंशी स्टेथोस्कोपच्या जिवावर उभा राहिला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पण हा दाखला देणारे त्यामागची परिस्थिती सांगत नाहीत. बी. जे. हे सरकारी कॉलेज. फी मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. प्रवेशासाठी आठवीपासून फाउंडेशनच्या वर्गात जावं लागत नव्हतं. कोटा शहरातले क्लास नव्हते, नीट नव्हती, अकरावी-बारावीचं ‘इंटिग्रेटेड’ नव्हतं, ज्यात कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये मुक्काम असतो. मेडिकलच्या मुलाला संध्याकाळी तालीम करायला वेळ होता, आणि पुरुषोत्तम करंडकासारखी स्पर्धा १९६३ पासून कॉलेजच्या मुलांना नाटकाकडे ओढत होती. डोक्यावर कर्ज नसल्याने बेचाळिशीत दवाखाना बंद करण्याची हिंमतही करता येत होती. त्या पदवीने पोट भरण्याची सोय केलीच, पण उरलेलं आयुष्य गिळलं नाही. आज खासगी मेडिकल किंवा नावाजलेल्या खासगी विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी अनेक लाखांना पडते. ती घेतलेल्या मुलाला तिशीपर्यंत हप्ते फेडायचे असतात. ‘आधी पैसा, मग आवड’ हा सल्ला शिल्लक राहिला आणि ज्या स्वस्त शिक्षणावर तो उभा होता, ते गेलं.

म्हणूनच सगळ्यात वाईट सौदा कोणता, याबद्दल मी तरी निःशंक आहे. मुलाला कल नसलेली, मागणी आहे म्हणून घेतलेली, दुय्यम कॉलेजातली, मॅनेजमेंट कोट्यातून कर्ज काढून विकत घेतलेली शाखा. तिच्यात आवड नाही, जमण्याची खात्री नाही, बाजाराचा भरवसा नाही आणि चुकलं तर परत फिरायला पैसाही नाही. तरी समाजात हा निर्णय ‘व्यवहारी’ म्हणून ओळखला जातो. आणि चांगल्या अनुदानित कॉलेजात संख्याशास्त्राची बीएस्सी करणारा मुलगा ‘इंजिनिअरिंगला ॲडमिशन नाही मिळाली का?’ या प्रश्नाला उत्तरं देत फिरतो. त्याची चूक झालीच, तर तिची किंमत काही हजार रुपये आणि तीन वर्षं आहे. दुसऱ्याची चूक म्हणजे गहाण पडलेली जमीन.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अलीकडे थोडा हलला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र प्रवर्गातल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. या निर्णयाकडे मतांचं राजकारण म्हणून पाहिलं गेलं, आणि कॉलेजांना परताव्याचे पैसे वेळेवर मिळतात का, हा प्रश्न आहेच. पण चुकण्याची किंमत कमी करणारं पाऊल म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. फीचं ओझं नसलेली मुलगी दुसऱ्या वर्षी ‘हे मला जमत नाही’ असं घरात सांगू शकते.

चुकण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी उचलली, म्हणजे माणूस कशा प्रकारे विषय निवडू शकतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. बॅरिस्टरी हा त्या काळातला खात्रीच्या उत्पन्नाचा मार्ग होता. त्यांनी आधी अर्थशास्त्र धरलं, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. ही निवड पगारासाठी नव्हती आणि रूढ अर्थाने हौसही नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न होते, आणि त्या प्रश्नांना जी शास्त्रं भिडतात ती त्यांनी शिकून घेतली. पोटासाठी त्यांनी वेगळी सोय लावली: १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातून शिल्लक टाकून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन पुन्हा लंडन, १९२३ पर्यंत डीएस्सी आणि बॅरिस्टरी दोन्ही, आणि नंतर वकिलीच्या जोडीला बाटलीबॉय यांच्या संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकवण्याचं काम. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला महिनाअखेरीची जुळवाजुळव करण्यासाठी शिकवण्या कराव्या लागल्या. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विषय आणि उपजीविका एकाच नोकरीत मावलेच पाहिजेत, हा आग्रह आपण कधी आणि का धरला?

आता आवडीच्या विषयांत पैसा नसतो, हे जे नेहमी ऐकवलं जातं, तेही जरा उलटून पाहू. मराठी, इतिहास, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांत पैसा नाही, हा काही सृष्टीचा नियम नाही. एमए, नेट किंवा सेट, पीएचडी झालेल्या मुलाने ज्या नोकरीसाठी पात्रता मिळवली, ती प्राध्यापकाची जागा सरकार वर्षानुवर्षं भरत नाही. त्याला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घेतलं जातं. दर तासाला ठरलेले पैसे, तेही शैक्षणिक वर्षात काही महिनेच, सुट्टीत शून्य. पस्तिशीचा पीएचडीधारक सकाळी एका गावच्या कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात मोटारसायकलवरून तास घेत फिरतो. पेट्रोल वजा जाता हातात काय उरतं ते विचारू नये. त्याच्या वर्गातला बीएचा विद्यार्थी हे रोज पाहत असतो. अभ्यासिकेत जागा धरून एमपीएससीचे अर्ज भरत बसण्याचा धडा तो याच माणसाकडून शिकतो. एका हाताने जागा गोठवायच्या आणि दुसऱ्या हाताने ‘आवडीचं शिका’ म्हणून करिअर मेळावे भरवायचे, हा दुटप्पीपणा आहे. विषयाची कमाई बऱ्याचदा मंत्रालयातल्या एका शासन निर्णयाने ठरते. डीएडवाल्यांना हे विचारा.

नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर आणि अधेमधे बाहेर पडण्याची सोय आणली. २०२३-२४ पासून राज्यात ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. कल्पना म्हणून मी तिच्या बाजूचा आहे, कारण तिच्यामुळे चुकीची शाखा निवडल्याची किंमत उतरू शकते: भौतिकशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, इतिहासाबरोबर संख्याशास्त्र. पण तालुक्याच्या कॉलेजात मायनरची यादी कशी ठरते? कायम शिक्षक कोणत्या विषयांचे उरले आहेत, त्यावरून. जिथे संख्याशास्त्राचा माणूसच नाही, तिथे निवड कसली? इंजिनिअरिंगला तर पहिल्या वर्षानंतर शाखा बदलायला मिळते ती जागा रिकामी असेल तरच, आणि कॉम्प्युटरची जागा रिकामी नसते. शिक्षक भरले आणि शाखाबदल सोपा केला, तर सतराव्या वर्षीचा निर्णय आज वाटतो तितका भीषण राहणार नाही.

तोवर ज्यांना याच जुलैत फॉर्म भरायचा आहे, त्यांनी काय करावं? घरावर कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर उत्पन्नाला पहिला मान द्या. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. मात्र उत्पन्नाच्या नावावर महागडी जागा विकत घेऊ नका. जमणाऱ्या दोन शाखांपैकी स्वस्तातली घ्या. शाखेपेक्षा तिथे शिकवतंय कोण, ते बघा. कॉलेजच्या विभागात प्रत्यक्ष जा आणि कायम शिक्षक किती, ते विचारा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सकडे पाहू नका. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी दिलेली माहिती कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, तिच्यात किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, ते असतं. ते पान बहुतेक ठिकाणी शोधून काढावं लागतं, पण शोधा.

ही माहितीही पुरेशी नाही. तिच्यात प्रत्येक शाखेचा वेगळा हिशेब नसतो आणि ती पहिल्या नोकरीपाशी थांबते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ही मुलं कुठे आहेत, शिकलेल्या विषयात आहेत का, कर्ज फिटलं का, हे लाखो रुपये मोजणाऱ्या पालकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे प्रत्येक प्रवेशाची नोंद आहे, विद्यापीठांकडे प्रत्येक पदवीची, आणि भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडे संघटित क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्यांची. नावं वगळून या तीन नोंदी जोडाव्यात आणि कॉलेज व शाखेनुसार दर वर्षी, ऑप्शन फॉर्म उघडण्याच्या आधी, जाहीर कराव्यात. पालकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी आता लावून धरली पाहिजे.